अख्खा डबा विकायचा नाही : मार्च २०२० मधलं एक किराणा दुकान

हे प्रकरण कोरोनाच्या टाळेबंदीतलं, यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बरंच आत असलेल्या एका गावचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. त्यातली सगळी माणसं आजही एकमेकांच्या दारासमोर राहतात, आणि त्या दिवसांत झालेली बोलाचाली पुन्हा उकरून काढण्यात कोणाचंच भलं नाही. गावात किराण्याची दुकानं दोन. एक बसथांब्याजवळचं टपरीवजा, बिस्किटं आणि खर्र्यावर, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूवर, चालणारं. दुसरं पाराजवळचं, जुनं, नवरा-बायको मिळून चालवतात ते. गावाचा खरा किराणा या दुसऱ्या दुकानातून जातो, आणि हे लेखन त्याच्याबद्दल आहे.

प्रश्न साधा होता. दुकानात माल थोडा, दारात माणसं पुष्कळ, उद्या गाडी येईल की नाही कोणालाच माहीत नाही. अशा वेळी माल कोणाला द्यायचा, किती द्यायचा, आणि रोख घेऊन द्यायचा की खात्यावर? तालुक्याच्या बाजारपेठेत हा प्रश्न पडतच नाही. तिथे पैसे देणाऱ्याला माल मिळतो आणि व्यवहार तिथेच संपतो. गावात दुकानदाराला दुसऱ्या दिवशी त्याच माणसांच्या अंगणातून जायचं असतं.

मार्चमध्ये घरात काय असतं

आधी हे समजून घ्यायला हवं की मार्चअखेर म्हणजे विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात धान्य असण्याचा काळ. तूर येऊन पडलेली असते, हरभरा काढून झालेला असतो, ज्याच्याकडे विहीर आहे त्याचा गहू घरात येत असतो. त्या वर्षी तर कित्येक घरांत कापूसही पडून होता, आणि टाळेबंदीत खरेदी थांबल्यावर तो तसाच अडकला.

शिवाय हेच दिवस वर्षाच्या बेगमीचे. तिखटासाठी मिरच्या घ्यायच्या, देठं खुडून उन्हात घालायच्या. हळद दळून आणायची, तुरीची डाळ करून ठेवायची. पापड, कुरड्या, सरगुंडे, सांडगे हे सगळं चैत्र-वैशाखाच्या उन्हातलं काम. साठवण करणं इथे कोणाला शिकवावं लागत नाही, आणि त्यात लाज वाटावी असंही काही नाही. वर्षाचं तिखट एकदम भरणाऱ्या बाईला कोणी साठेबाज म्हणत नाही. ही बेगमी दोन महिन्यांत पसरलेली असते, बरीचशी स्वतःच्या शेतातून येते, आणि तिचा अंदाज दुकानदाराला आधीपासून असतो. त्यामुळे तिचा कोणाला त्रास होत नाही. मार्च २०२० मध्ये घडलं ते असं की बाहेरून येणाऱ्या मालाची दोन महिन्यांची खरेदी दोन संध्याकाळींत करायला माणसं धावली.

बाहेरून येणारा माल म्हणजे तेल, मीठ, साखर, चहापत्ती, गूळ, साबण, माचिस, आणि आलू-कांदे. यातलं तेल सगळ्यात नाजूक. सोयाबीन आपल्याच शिवारात पिकतं, पण ते सुगीतच विकलं जातं आणि तेल होऊन परत येतं ते दुकानातून. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल परदेशातून येतं, हे गावातल्या कोणी वाचलेलं नसेल. पण तेल आपल्या हातात नाही एवढं प्रत्येक बाईला ठाऊक असतं. म्हणून पहिली झडप तेलावर पडली.

धान्याचा तुटवडा देशातही नव्हता. त्या आठवड्यात अन्न महामंडळाच्या गोदामांत साडेपाच कोटी टनांहून जास्त गहू-तांदूळ होता. पण गोदामातला तांदूळ आणि चुलीवरची फोडणी यांच्यात बरंच अंतर असतं, आणि हे प्रकरण त्या अंतरातलं आहे.

२२ ते २४ मार्च

रविवारी, २२ तारखेला, जनता कर्फ्यू झाला. गावानं तो पाळला, संध्याकाळी थाळ्याही वाजवल्या. तोवर कोणी घाबरलेलं नव्हतं. नागपूरला आणि खुद्द यवतमाळला रुग्ण सापडल्याचं माहीत होतं, पण तो विषय विमानानं आलेल्या लोकांचा होता. सोमवारी राज्यात संचारबंदी आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्याचं कळलं, एसटी थांबली, आणि पुण्याहून कशीबशी पोचलेली पोरं गावात दिसू लागली. शहरातली रिकामी फडताळं त्यांनी स्वतः पाहिली होती. भीती गावात आली ती टीव्हीपेक्षा या पोरांच्या तोंडून.

आठवडी बाजार तर आधीच बंद झाले होते. ही गोष्ट कागदावर किरकोळ वाटते, गावात ती सगळ्यात मोठी होती. बाजार बंद म्हणजे आलू-कांदे, लसूण, सांबार (कोथिंबीर) यांचीही मागणी किराणा दुकानावर आली. आणि मजुरीचा हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, बाजाराच्या दिवशी होतो. बाजार भरला नाही म्हणून कित्येकांनी मजुरांचे पैसे पुढच्या बाजारावर ढकलले. त्या एका आदेशानं मजुराचं दुकान आणि मजुराचा पगार दोन्ही एकाच दिवशी बंद झाले. पुढे जे घडलं त्याचं मूळ मला इथे दिसतं.

मंगळवारी, २४ तारखेला, रात्री आठला पंतप्रधानांचं भाषण झालं. मध्यरात्रीपासून एकवीस दिवस सगळं बंद. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. म्हणजे तशीही ती संध्याकाळ चणाडाळ, गूळ आणि गाठ्या घेण्याची होती. किराणा, भाजी, दूध, औषधं चालू राहणार असं गृह मंत्रालयाच्या आदेशात होतं, पण तो आदेश गावात पोचण्याआधीच माणसं पिशव्या घेऊन निघाली होती.

पहिल्यांदा आली ती मोटरसायकलवाली. पगारदार घरं, दहा-पंधरा एकरवाले, ज्यांच्या कपाटात रोकड असते ते. यात लबाडी नव्हती. एकवीस दिवस म्हटल्यावर घरातल्या माणसांचा हिशेब करून तेवढा माल आणायला निघणं हे शहाण्या माणसाचंच काम. फक्त त्यांच्या एकवीस दिवसांच्या हिशेबात दुसऱ्या वीस घरांचा उद्याचा दिवस जात होता, आणि ते दुकानाच्या बाहेरून कोणाला दिसत नाही. दुकानाच्या आतून दिसतं.

आणि ते पहिल्यांदा दुकानदाराच्या बायकोला दिसलं. पंधरा किलोचे तेलाचे दोन डबे अख्खेच्या अख्खे गेले होते. तिसरा डबा दुकानदार उचलून फळीवर ठेवत होता. ती आतून, सोप्याच्या दारात उभी राहून म्हणाली, “अवो, पुरा डबा कोणाले देऊ नका. सकाळी बाया पावशेर तेलाले येतीन, त्याइले काय सांगू मी?”

तो थांबला. गिऱ्हाईक समोर उभं, पैसे हातात. त्यानं डबा खाली ठेवला आणि त्यातून दोन किलो तेल कॅनमध्ये मोजून दिलं. गिऱ्हाईक चिडलं: “रोख देऊन रायलो ना आम्ही? मंग काऊन नाही देत?” दुकानदाराकडे याचं उत्तर नव्हतं. तो एवढंच म्हणाला, “सकाळी पाहू ना बाप्पा.” आणि त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं.

रोख गिऱ्हाईक की खात्याचं

दुकानात रोखीचा धंदा निम्माच. बाकीचा खात्यावर. लाल पुठ्ठ्याच्या लांबट वहीत घरागणिक पानं, आणि पानावर बाईचं नाव किंवा “अमक्याची सून” असं. खातं फिटतं ते कापूस विकल्यावर, सोयाबीन विकल्यावर, किंवा बाजाराच्या दिवशी थोडंथोडं. रोजचं खरेदी करणारी बाई पावशेर तेल, पाच रुपयांची चहापत्ती, दहाची साखर नेते. तिच्याकडे साठवायला पैसा नसतो, म्हणून तिचा साठा दुकानातच असतो. दुकानातला डबा हाच तिच्या घरातला डबा.

अख्खा डबा विकायचा नाही हे त्या रात्री ठरलं, पण पाडव्याच्या सकाळी खरी अडचण उभी राहिली. तालुक्याचा ठोक दुकानदार एरवी पंधरा दिवसांच्या उधारीवर माल द्यायचा. त्यानं फोनवर सांगितलं की यापुढे रोख आणाल तेवढाच माल. त्याचंही चुकत नव्हतं. नागपूरच्या इतवारी बाजारपेठेतून माल येतो, अकोल्याहून डाळ येते, तिथेही हमाल घरी गेले होते, ट्रकवाले रस्त्यात अडवले जात होते, आणि वरचा व्यापारी त्याच्याकडे रोखच मागत होता. आवश्यक आणि अनावश्यक असा भेद न करता सगळ्याच मालाच्या वाहतुकीला मोकळीक देणारं केंद्राचं पत्र २९ मार्चला निघालं. तोपर्यंतचे चार-पाच दिवस फार ओढाताणीचे होते.

म्हणजे दुकानदार असा अडकला. खात्याच्या गिऱ्हाइकाला माल दिला तर हातात पैसा येत नाही, पैसा नाही तर तालुक्याहून माल येत नाही, आणि माल नाही तर खात्याचं गिऱ्हाईकही उपाशी. रोखवाल्यांना विकलं तर पैसा येतो, पण माल दोन दिवसांत संपतो. गावच्या दुकानातल्या टंचाईबद्दल बोलताना लोक मालाबद्दल बोलतात. या दुकानात मालाआधी आटलं ते खेळतं भांडवल.

त्यानं काढलेला मार्ग मला फार मोलाचा वाटतो, आणि तो कोणी शिकवलेला नव्हता. ज्यांना साखरेचा कट्टा, तेलाचा डबा हवा होता त्यांना तो म्हणाला, पूर्ण पैसे आज जमा करा. थोडा माल आत्ता न्या, उरलेला दोन गाड्यांत मिळेल, तुमचं नाव वहीत आहे. काही जण उठून गेले. पण बरेच जण तयार झाले, कारण दुसरीकडे कुठे मिळणारच नव्हतं आणि माणूस गावातला होता. त्या बयाण्याच्या पैशावर पहिली गाडी भरली. पोलिसांकडून वाहनाचा पास काढायला एक दिवस गेला. गाडी आली तेव्हा तिच्यात तेल, मीठ, साखर आणि आलू-कांदेच होते. फरसाण, थंड पेयं, महागडे साबण यातलं काहीच त्यानं आणलं नाही.

जे घाबरून साठवायला आले होते, त्यांच्याच पैशावर खात्याच्या घरांची चूल चालली. कोणाकडून दान मागावं लागलं नाही. रोखवाल्यांना त्यांचा माल मिळाला, फक्त आठ-दहा दिवस उशिरा, आणि तोवर त्यांची भीतीही उतरली होती. दोन-तीन जणांनी तर पुढे कट्टा नको, पैसे खात्यातून वळते करा असं सांगितलं.

माल देण्याची पद्धतही बदलली. शटर बंद, व्यवहार खिडकीतून. एका घराला एका वेळी किलोभर तेल, दोन किलो साखर, मिठाची एक पिशवी. चहापत्तीला आणि माचिसला मर्यादा नाही. घरात माणसं जास्त असतील तर दुकानदारीण स्वतः ठरवायची. कोणाच्या घरी किती माणसं आहेत, पुण्याहून कोण आलंय, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, हे तिला वही न उघडता माहीत होतं. तालुक्याच्या कुठल्याही कार्यालयाला ही यादी इतक्या बिनचूक करता आली नसती.

पोडावरची माणसं

गावापासून आत, नाल्यापलीकडे, कोलामांचं पोड आहे. कोलाम ही या जिल्ह्यातली आदिम जमात, आणि त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. तिथली घरं मजुरी करतात, थोडी कोरडवाहू शेती करतात, आणि त्या दिवसांत मोहफुलं वेचतात. ती माणसं आठवड्यातून एकदा बाजाराला येतात, हप्ता घेतात आणि आठवड्याचं मीठ-मिरची-तेल नेतात.

त्यांना बातमी उशिरा कळली, आणि कळल्यावरही हातात पैसा नव्हता, कारण हप्ताच झाला नव्हता. पाडवा उलटून गेल्यावर पोडावरच्या चार-पाच बाया गावात आल्या. तोवर बसथांब्याजवळचं दुकान रिकामं झालं होतं. गावात मिठाची अफवाही फिरत होती. कोणीतरी मोबाइलवर आलेला निरोप वाचून दाखवला होता की मीठ बंद होणार. नोटाबंदीनंतर, नोव्हेंबर २०१६ मध्ये, अशीच अफवा उत्तर प्रदेश-दिल्लीकडे उठली होती आणि तिथे मीठ सोन्याच्या भावानं विकलं गेलं होतं. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ एकट्या गुजरातेत तयार होतं, आणि ते कधी कमी पडलेलं नाही. पण मिठाची भीती हिशेबानं जात नाही. भाकरीला दुसरं काही नसलं तरी चालतं, मीठ लागतंच.

बाया खिडकीशी न येता पाराजवळ बसून राहिल्या. त्यांचं खातं या दुकानात नव्हतं, त्या बाजाराच्या गिऱ्हाईक. इथे दुकानदार आणि त्याची बायको यांच्यात मतभेद झाला. त्याचं म्हणणं, खातं नाही त्यांना उधार कसं द्यायचं, उद्या सगळं पोड येईल. तिचं म्हणणं, येऊ दे. शेवटी तोड निघाली ती मजुरीतून. ज्या शेतकऱ्यांकडे त्यांचा हप्ता अडकला होता त्यातले दोघे या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. दुकानदारानं त्यांना बोलावून सांगितलं, हप्त्याचे पैसे मला द्या, नाहीतर तुमच्या खात्यावर लिहितो, माल या बायांना जाऊ द्या. एकानं तिथल्या तिथे पैसे काढून दिले. दुसऱ्याकडे रोकड नव्हती, कापूस घरात होता. त्याच्या पानावर लिहिलं गेलं. बाया मीठ, तेल, मिरची आणि आलू घेऊन गेल्या, आणि त्यातलं काहीही त्यांना उधारीवर मिळालेलं नव्हतं. ती त्यांची कमावलेली मजुरी होती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे गावात हीच गोष्ट “पोडाले मदत केली” अशी सांगितली जाऊ लागली.

रेशनचं काय, असं कोणी विचारेल. २६ मार्चला केंद्रानं माणशी पाच किलो धान्य तीन महिने मोफत देण्याचं जाहीर केलं, घरटी एक किलो डाळही. राज्यानं केशरी कार्डवाल्यांनाही आठ रुपये किलो गहू आणि बारा रुपये किलो तांदूळ देण्याचा निर्णय घेतला. कंट्रोलचा तांदूळ एप्रिलात गावात आला, डाळ त्याच्या बरीच मागून. तांदळानं उपासमार टळली यात शंका नाही. पण रेशनवर तेल नाही, मीठ नाही, तिखट नाही. पहिल्या आठवड्याचा ताण दुकानालाच झेलावा लागला.

सुट्या मालाचा भाव

भावाबद्दल या दुकानावर टीका झाली आणि ती मला काही अंशी बरोबर वाटते. पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेतला तर तो गुन्हा आहे, आणि या दुकानदारानं तो केला नाही. पण सुट्या तेलाचा, सुट्या साखरेचा, आलू-कांद्याचा भाव त्यानं वाढवला. त्याचं कारण खरं होतं: ठोक भाव वाढला होता, गाडीभाडं दुप्पट झालं होतं. परिणाम मात्र उलटा झाला. अख्खं पाकीट घेणाऱ्याला छापील किमतीचं संरक्षण मिळालं, आणि पावशेर घेणारीनं वाढीव भाव दिला. गाडीभाडं सगळ्या मालावर सारखं वाटायला हवं होतं. छापील किमतीच्या आत पाकिटावर जी सूट तो एरवी देतो, ती बंद करून सुट्या मालाचा भाव खाली धरता आला असता. हे त्याला नंतर पटलं, आणि आलूचा भाव त्यानं एप्रिलात उतरवलाही.

सुटं खाद्यतेल विकायला कायद्यानं बंदी आहे, २०११ पासून. भेसळीच्या दृष्टीनं ती योग्यच आहे. पण त्या आठवड्यात डबा फोडून पावशेर-पावशेर तेल विकलं गेलं नसतं, तर गावातल्या निम्म्या घरांत फोडणी पडली नसती. छोट्या पाकिटांचं तेल गावापर्यंत नियमित आणि त्याच भावानं पोचलं, तरच ही बंदी गरिबाच्या बाजूनं उभी राहते.

खर्र्याचं दोन ओळींत सांगतो. बसथांब्याजवळच्या दुकानात खर्रा कितीतरी पट भावानं विकला गेला, आणि काही मजुरांचा शिल्लक पैसा घरात मीठ नसताना तिकडे गेला. बायकांनी यावर फार सोसलं. पाराजवळच्या दुकानानं त्या दिवसांत तंबाखू ठेवलाच नाही.

पुढे

दुसरी गाडी एप्रिलच्या सुरुवातीला आली आणि तिसरीच्या वेळी मर्यादा उठवावी लागली, कारण खिडकीशी रांगच उरली नव्हती. पहिल्या रात्री गेलेल्या त्या दोन डब्यांपैकी एकाचं तेल पावसाळ्यात खवट झालं. ज्यांनी जास्तीची साखर नेली, त्यांच्याकडे ती आषाढात ओल धरून बसली. कापूस खरेदी उशिरा सुरू झाली, तसतशी खाती फिटत गेली. काही पानं त्या वर्षी कोरी झाली नाहीत. कोणती, ते दुकानदारीण सांगत नाही.

गावातल्या एका बचत गटानं त्या पावसाळ्यापासून महिन्याला तेलाचा एक डबा आणि मिठाची एक गोणी ठोक भावानं आणायला सुरुवात केली. सभासद बाया लागेल तसं नेतात, पैसे गटाच्या बैठकीत देतात. पाराजवळच्या दुकानाचं त्यात थोडं गिऱ्हाईक गेलं. दुकानदार कुरकुरला, पण गटाचा डबा तालुक्याहून येतो तो त्याच्याच गाडीत, आणि त्याचं भाडं तो घेतो. पोडावरच्या तीन बाया आता गटाच्या सभासद आहेत.